पल्सारद्वारे आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास

पल्सारद्वारे आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास ही रेडिओ खगोलशास्त्रातील एक मापनपद्धती आहे. पल्सार किंवा स्पंदतारा या प्रकारच्या ताऱ्याकडून निघालेले रेडिओ तरंग पृथ्वीपर्यंत येताना वाटेतील विरळ आयनीभूत वायूतून व चुंबकीय क्षेत्रातून जातात. या प्रवासात त्यांच्यावर होणारे दोन निरनिराळे परिणाम मोजून ताऱ्यांमधील अवकाशात चुंबकीय क्षेत्र किती तीव्र आहे व ते कोणत्या बाजूला रोखलेले आहे, हे ठरवता येते. पहिला परिणाम अपस्करणाचा आणि दुसरा फॅरेडे घूर्णनाचा. क्षेत्राची तीव्रता आणि त्याचा रोख या दोन्ही गोष्टी एकाच निरीक्षणातून देणाऱ्या पद्धती फार थोड्या आहेत; त्यामुळे पल्सारच्या शोधानंतर लगेचच तिचा वापर सुरू झाला आणि आजही तो वाढतो आहे.

आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र

पृथ्वीच्या पृष्ठभागावर होकायंत्राची सुई फिरवणारे चुंबकीय क्षेत्र सुमारे अर्धा गॉस इतके असते. सूर्याच्या परिसरातील आंतरतारकीय क्षेत्र याच्या साधारण एक लाखांशाइतके, म्हणजे काही मायक्रोगॉस असते. प्रयोगशाळेत इतके क्षीण क्षेत्र निर्माण करायचे तर आधी पृथ्वीचे क्षेत्र काटेकोरपणे अडवावे लागेल. तरीही आकाशगंगेच्या व्यवहारात ते नगण्य नाही. आंतरतारकीय वायू इतका विरळ आहे की, त्याच्या खळबळीतील ऊर्जा, विश्वकिरणांतील ऊर्जा आणि या क्षीण क्षेत्रातील ऊर्जा जवळपास एकाच मापाच्या ठरतात. वायूचे ढग आपल्याच गुरुत्वाकर्षणाने आकसून तारे बनू पाहतात, तेव्हा चुंबकीय क्षेत्र त्यांना काही अंशी विरोध करते. विद्युतभारित विश्वकिरणांच्या वाटाही तेच वाकवते. १०१९ (दहाचा एकोणिसावा घात) इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन ३ मायक्रोगॉसच्या क्षेत्रात सुमारे साडेतीन हजार पार्सेक त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे.) आकाशगंगेच्या तबकडीचा विस्तार लक्षात घेता ही वळणे लहान नव्हेत. असा कण ज्या दिशेने पृथ्वीवर आदळला, त्याच दिशेला त्याचे उगमस्थान असेल असे त्यामुळे म्हणता येत नाही. उगम शोधायचा असेल तर वाटेतील क्षेत्राचा नकाशा हाती असावा लागतो.

असे क्षेत्र अस्तित्वात आहे हे पल्सारच्या शोधापूर्वीच कळले होते. १९४९ साली अमेरिकेत विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल यांना दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश किंचित ध्रुवित झालेला आढळला. लांबट धूलिकण चुंबकीय क्षेत्रामुळे एका विशिष्ट रीतीने रांगेत लागतात आणि त्यांच्यातून येणारा प्रकाश ध्रुवित होतो, असे त्याचे स्पष्टीकरण लवकरच पुढे आले. १९५३ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी या ध्रुवणाच्या दिशांमधील विस्कळीतपणावरून सर्पिल भुजेतील क्षेत्राच्या तीव्रतेचा अंदाज केला. तो काही मायक्रोगॉस इतका निघाला, आणि आजच्या मापनांशी त्याचा मेळ बसतो.

परंतु ताऱ्यांच्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून क्षेत्ररेषा कशी पसरली आहे एवढेच समजते. तिच्यावरील बाण कोणत्या टोकाला आहे हे समजत नाही. सिंक्रोट्रॉन प्रारणावरून तीव्रता काढायची तर विश्वकिरणांतील इलेक्ट्रॉनांची संख्या गृहीत धरावी लागते. झीमन परिणामाने थेट मापन होते, पण ते मुख्यतः वायूच्या तुलनेने दाट ढगांपुरते मर्यादित राहते. बाणाचे टोक आणि तीव्रता ही दोन्ही, तीही विरळ वायूच्या विस्तीर्ण प्रदेशात, मिळवण्यासाठी निराळ्या साधनाची गरज होती.

पल्सार हे साधन का ठरले

केंब्रिज येथील रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमध्ये जोसेलिन बेल यांना १९६७ साली पहिला पल्सार सापडला. त्या अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होत्या. दर १.३३७ सेकंदांनी येणाऱ्या स्पंदांचे हे वृत्त फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. पल्सार हा वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा असून त्याचा रेडिओ झोत दीपगृहाच्या झोताप्रमाणे पृथ्वीवरून फिरतो, हे पुढे निश्चित झाले.

चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासाच्या दृष्टीने पल्सारमध्ये काही सोयीचे गुण एकत्र आले आहेत. त्याचा संदेश स्पंदांच्या रूपात येत असल्याने वेगवेगळ्या वारंवारतेच्या तरंगांच्या आगमनातील फरक मोजता येतो. त्याचे तरंग पुष्कळदा मोठ्या प्रमाणात रेषीय ध्रुवित असतात; दक्षिण आकाशातील व्हेला पल्सारचे तरंग तर जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित आहेत. स्पंद असताना आणि स्पंद नसताना मिळालेल्या संदेशांची वजाबाकी केली की, त्या दिशेने येणारे आकाशगंगेचे स्वतःचे प्रारण वगळले जाते. पल्सारच्या चुंबकावरणातील प्लाझ्मा प्रामुख्याने इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोड्यांचा असल्याचे मानले जाते. विरुद्ध भारांच्या या समान वस्तुमानाच्या कणांचे परिणाम एकमेकांना छेदतात, म्हणून ताऱ्याच्या आसपासच घूर्णनाची मोठी भर पडत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पल्सार आकाशगंगेच्या आत, निरनिराळ्या अंतरांवर विखुरलेले आहेत. दूरच्या दीर्घिकांचे रेडिओ स्रोत संपूर्ण आकाशगंगा ओलांडून आलेला एकत्रित परिणाम दाखवतात आणि त्यात त्यांची स्वतःची भरही असते. पल्सार मात्र वाटेतला एक ठरावीक टप्पा मोजून देतो.

अपस्करण

लोलकातून जाताना पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे होतात, हे अपस्करण शालेय पाठ्यपुस्तकातून परिचित आहे. आंतरतारकीय अवकाशातील मुक्त इलेक्ट्रॉन रेडिओ तरंगांच्या बाबतीत काहीसे असेच करतात. फरक इतकाच की येथे तरंग दिशेने नव्हे, तर वेळेने वेगळे होतात. कमी वारंवारतेचे तरंग मागे पडतात. हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि वाटेतील इलेक्ट्रॉनांच्या एकूण संख्येच्या सम प्रमाणात असतो. पल्सारपासून निरीक्षकापर्यंत एक चौरस सेंटिमीटर छेदाचा अतिशय लांब स्तंभ कल्पिला, तर त्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांची गणती ज्या राशीने दर्शवतात तिला अपस्करणमाप म्हणतात. इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटिमीटरला आणि अंतर पार्सेकमध्ये घेऊन हे माप सांगण्याचा प्रघात आहे.

उदाहरणार्थ, उत्तर आकाशातील बी०३२९+५४ या तेजस्वी पल्सारचे अपस्करणमाप सुमारे २६.८ आहे. त्यामुळे १,४२० मेगाहर्ट्झला आलेला स्पंद ३२७ मेगाहर्ट्झला जवळजवळ एक सेकंद उशिरा पोहोचतो. या पल्सारचा आवर्तकाल ०.७१४ सेकंद आहे. म्हणजे खालच्या वारंवारतेवर एक स्पंद टिपला जातो, तोपर्यंत वरच्या वारंवारतेवर त्याच्यानंतरचा स्पंद येऊन गेलेला असतो. इतका ठळक परिणाम मोजणे अवघड नसते; पल्सारचे अपस्करणमाप बहुधा त्याच्या शोधाबरोबरच कळते.

फॅरेडे घूर्णन

मायकेल फॅरेडे यांनी १८४५ साली शिसेयुक्त जड काचेतून ध्रुवित प्रकाश पाठवला आणि प्रकाशाच्या मार्गाला समांतर असे चुंबकीय क्षेत्र लावले. काचेतून बाहेर पडताना प्रकाशाचे ध्रुवणप्रतल फिरलेले आढळले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा परस्परसंबंध दाखवणारा हा पहिला प्रयोग होता. आंतरतारकीय अवकाशात काचेची जागा आयनीभूत वायू घेतो.

याचे कारण पुढीलप्रमाणे सांगता येईल. रेषीय ध्रुवित तरंग हा परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन वर्तुळाकार ध्रुवित तरंगांची बेरीज मानता येतो. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन एका ठरावीक दिशेनेच फेऱ्या घेतात. त्यांच्याच दिशेने फिरणारा तरंग व विरुद्ध दिशेने फिरणारा तरंग यांच्या वेगांत अतिसूक्ष्म फरक पडतो. वाट लांब असेल तर हा फरक साचत जातो, आणि दोन्ही तरंगांची पुन्हा बेरीज केल्यावर ध्रुवणप्रतल मूळ जागेपासून वळलेले दिसते. हे वळण तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या प्रमाणाच्या गुणकाला घूर्णनमाप म्हणतात; ते दर चौरस मीटरला इतके रेडियन असे सांगतात. क्षेत्र निरीक्षकाकडे रोखलेले असेल तर घूर्णनमाप धन आणि निरीक्षकापासून दूर रोखलेले असेल तर ते ऋण मानले जाते. बाणाचे टोक कळते ते या चिन्हावरून.

वर उल्लेखिलेल्या बी०३२९+५४ चे घूर्णनमाप सुमारे उणे ६४ आहे. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्याचे ध्रुवणप्रतल सुमारे १६२ अंशांतून वळते, तर ९२ सेंटिमीटर तरंगलांबीवर साडेआठ पूर्ण फेऱ्यांहूनही अधिक वळते. येथे एक अडचण उभी राहते. ध्रुवणप्रतल १८० अंशांतून वळले की ते पूर्वीसारखेच दिसते. त्यामुळे एकाच तरंगलांबीवरील निरीक्षणातून किती अर्ध्या फेऱ्या झाल्या हे कळणे शक्य नसते. यासाठी अनेक जवळजवळच्या तरंगलांबींवर कोन मोजून त्यांतील वाढीचा दर काढावा लागतो. जुन्या काळी दोनतीन वारंवारतांवर हे काम भागवले जाई, आणि त्यात फसगतही होत असे. आता एकाच वेळी शेकडो सूक्ष्म पट्ट्यांत निरीक्षण होते. घूर्णनमापाच्या सर्व संभाव्य किमती तपासून ज्या किमतीला ध्रुवित संदेश सर्वाधिक ठरतो ती निवडण्याची संश्लेषण पद्धत रूढ झाली आहे. तिची मूळ कल्पना १९६६ सालची असली, तरी तिला व्यवहारोपयोगी रूप २००५ साली ब्रेंटयेन्स आणि डी ब्रॉइन यांनी दिले.

पल्सारच्या प्रत्येक स्पंदात ध्रुवणाचा कोन सुरुवातीपासून शेवटापर्यंत बदलत जातो, हेही लक्षात घ्यावे लागते. हा बदल ताऱ्याच्या स्वतःच्या चुंबकीय रचनेमुळे होतो. व्हेला पल्सारमध्ये तो १९६९ साली व्ही. राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने मोजला आणि न्यूट्रॉन तारा फिरत असल्याच्या कल्पनेला त्यातून भक्कम आधार मिळाला. (राधाकृष्णन हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पुत्र, पुढे ते बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे संचालक झाले.) फॅरेडे घूर्णन आणि हा अंगभूत बदल यांची गल्लत होत नाही, कारण पहिला तरंगलांबीनुसार झपाट्याने बदलतो, दुसरा जवळजवळ बदलत नाही.

दोन मापांचा भागाकार

अपस्करणमाप वाटेतील इलेक्ट्रॉन मोजते. घूर्णनमाप त्याच इलेक्ट्रॉनांना त्या त्या ठिकाणच्या, दृष्टिरेषेला समांतर असलेल्या चुंबकीय क्षेत्राने गुणून बेरीज करते. म्हणून दुसऱ्या मापाला पहिल्याने भागले की इलेक्ट्रॉनांची संख्या निघून जाते आणि क्षेत्राची सरासरी उरते. सूत्ररूपाने,

सरासरी समांतर क्षेत्र (मायक्रोगॉस) = १.२३२ × घूर्णनमाप ÷ अपस्करणमाप

बी०३२९+५४ साठी हे उत्तर सुमारे उणे २.९ मायक्रोगॉस येते. त्या दिशेला क्षेत्र आपल्यापासून दूर रोखलेले आहे, असा त्याचा अर्थ. व्हेला पल्सार आकाशाच्या बऱ्याच वेगळ्या भागात आहे. त्याचे घूर्णनमाप सुमारे अधिक ३१ आणि अपस्करणमाप सुमारे ६८, म्हणून क्षेत्र अधिक ०.६ मायक्रोगॉस, म्हणजे आपल्याकडे रोखलेले. एका बाजूने येणारे आणि दुसऱ्या बाजूला जाणारे असे एकच क्षेत्र सूर्याच्या परिसरातून वाहत असावे, ही शंका एवढ्या दोन ताऱ्यांवरूनही येऊ शकते. अर्थात दोन ताऱ्यांवर सिद्धान्त उभा राहत नाही.

या भागाकाराची खरी उपयुक्तता आहे ती अंतराची माहिती नसतानाही तो करता येतो यात. पल्सार किती दूर आहे हे ठाऊक नसले तरी सरासरी क्षेत्र मिळते. ते क्षेत्र वाटेच्या कोणत्या भागातले, हे सांगायचे असेल तेव्हाच अंतर लागते. जवळपास एकाच दिशेला दोन पल्सार असतील तर आणखी एक पायरी गाठता येते. समजा, जवळच्या पल्सारचे अपस्करणमाप १०० व घूर्णनमाप अधिक ५० आहे. दूरच्याचे अनुक्रमे २०० व उणे ३० आहे. दोघांच्या मापांतील फरक १०० आणि उणे ८० येतो. म्हणजे दोन ताऱ्यांच्या मधल्या प्रदेशात क्षेत्र सुमारे उणे १ मायक्रोगॉस आहे. अलीकडच्या टप्प्यात ते अधिक ०.६ होते, पलीकडच्या टप्प्यात त्याचा रोख उलटला. ही आकडेमोड काल्पनिक असली, तरी आकाशगंगेतील क्षेत्राच्या दिशाबदलांविषयीचे दावे मुख्यतः याच प्रकारच्या वजाबाकीवर आधारलेले आहेत.

मापनांचा इतिहास

पल्सारचे तरंग रेषीय ध्रुवित असल्याचे अँड्र्यू लाइन आणि फ्रान्सिस ग्रॅहम स्मिथ यांनी इंग्लंडमधील जॉड्रेल बँक वेधशाळेतून १९६८ सालीच दाखवून दिले आणि त्याच वर्षी स्मिथ यांनी त्यांचे फॅरेडे घूर्णन मोजून आंतरतारकीय क्षेत्राचा अंदाज घेण्याचा प्रयत्न केला. पहिला पल्सार जाहीर होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते.

व्यवस्थित नकाशाचे श्रेय रिचर्ड मँचेस्टर यांच्याकडे जाते. १९७४ साली ३८ पल्सारांच्या घूर्णनमापांचा अभ्यास करून त्यांनी सूर्याच्या परिसरातील सुसूत्र क्षेत्र सुमारे २.२ मायक्रोगॉस असून ते सुमारे ९४ अंश आकाशगंगीय रेखांशाकडे रोखलेले असल्याचे मांडले. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती ज्या दिशेने फिरतो, ती दिशा ९० अंश रेखांशाची. म्हणजे आपल्या परिसरातील क्षेत्र साधारणपणे सर्पिल भुजेला धरून, आकाशगंगेच्या परिभ्रमणाच्या दिशेने गेलेले आहे. उत्तर आकाशगंगीय ध्रुवावरून पाहिल्यास हा रोख सव्य, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असतो.

१९८० साली थॉमसन आणि नेल्सन यांच्या विश्लेषणातून सूर्याहून आत, धनू भुजेच्या बाजूला, क्षेत्राचा रोख उलटतो असे दिसून आले. १९८९ साली रिचर्ड रँड आणि श्रीनिवास कुलकर्णी यांनी उपलब्ध घूर्णनमापांचे नव्याने विश्लेषण केले. कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. १९८२ साली सापडलेल्या पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या शोधकर्त्यांपैकीही ते एक आहेत. या दोघांच्या अभ्यासात सूर्याजवळचे सुसूत्र क्षेत्र सुमारे १.६ मायक्रोगॉस निघाले आणि सूर्यापासून केंद्राच्या दिशेने सुमारे ६०० पार्सेकवर रोख उलटत असल्याला पुष्टी मिळाली. त्यांच्या लेखातील अधिक लक्षणीय आकडा मात्र दुसरा आहे. सुसूत्र क्षेत्राच्या जोडीला सुमारे ५ मायक्रोगॉसचे विस्कळीत क्षेत्र असून त्याची दिशा साधारण ५५ पार्सेकच्या अंतराने बदलत राहते, असे त्यांना आढळले. विस्कळीत भाग सुसूत्र भागाच्या तिप्पट आहे. सुपरनोव्हांचे स्फोट आणि वायूची खळबळ क्षेत्ररेषांना सतत विस्कटत असतात. म्हणून एखाद्या पल्सारचे घूर्णनमाप अपेक्षेच्या उलट चिन्हाचे निघाले, तर त्यात नवल नाही. निष्कर्षासाठी पुष्कळ पल्सार लागतात ते यामुळेच.

दिशाबदलांचा वाद

क्षेत्राचा रोख एकदा उलटतो, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे. तो किती वेळा उलटतो यावर नाही.

चीनमधील जे. एल. हान यांनी मँचेस्टर आदी सहकाऱ्यांसह पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने अनेक वर्षे निरीक्षणे केली. २००६ साली त्यांनी २२३ पल्सारांची घूर्णनमापे प्रसिद्ध केली आणि त्यांवरून असे मांडले की, सर्पिल भुजांमध्ये क्षेत्र अपसव्य, तर भुजांमधल्या पट्ट्यांत सव्य असते. म्हणजे केंद्राकडे जाताना भुजेगणिक रोख पुनःपुन्हा बदलतो. दुसऱ्या बाजूला, दूरच्या दीर्घिकांच्या स्रोतांची मापेही विचारात घेणाऱ्या व्हॅन एक आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात एकाच दिशाबदलाने काम भागते असे दिसले. २००८ साली मेन, फेरिएर आणि हान यांनी तोवर प्रचारात असलेली सरळसोपी प्रतिमाने, मग ती वर्तुळाकार असोत वा सर्पिल, पल्सारांच्या मापांवर घासून पाहिली. एकही प्रतिमान समाधानकारक ठरले नाही. खरे क्षेत्र या सर्व आकृत्यांहून गुंतागुंतीचे असावे, हा त्यातून निघणारा अर्थ टाळता येत नाही.

या वादाला महत्त्व येण्याचे कारण असे की, इतर सर्पिल दीर्घिकांमध्ये असे ठळक व वारंवार होणारे दिशाबदल निरीक्षणांत आढळत नाहीत. दीर्घिकांचे क्षेत्र वायूच्या परिभ्रमणातून व खळबळीतून डायनॅमोच्या क्रियेने वाढते व टिकते, असे मानतात. साध्या डायनॅमोने सगळीकडे एकाच रोखाचे क्षेत्र तयार होणे अपेक्षित असते. आकाशगंगेत खरोखरच अनेक दिशाबदल असतील, तर ते सुरुवातीच्या बीजक्षेत्राचे अवशेष असू शकतात किंवा डायनॅमोविषयीची समजूतच अपुरी असू शकते. दिशाबदल स्थानिक असून सूर्याच्या आसपासचा एखादा विस्कटलेला भाग आपण सर्व आकाशगंगेला लावत आहोत, ही शक्यताही शिल्लक राहते.

मर्यादा

भागाकाराचे सूत्र जितके सोपे दिसते तितके निर्धोक नाही. इलेक्ट्रॉनांची घनता आणि क्षेत्राची तीव्रता यांचा एकमेकांशी संबंध नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. वायू दाबला गेल्यावर त्याच्याबरोबर क्षेत्ररेषाही दाटत असतील, तर सूत्र खऱ्याहून मोठे उत्तर देईल; दाब समतोल राखण्यासाठी जेथे वायू दाट तेथे क्षेत्र क्षीण असेल, तर लहान उत्तर देईल. रायनर बेक आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या मुद्द्याकडे लक्ष वेधले. त्याखेरीज, एकाच वाटेवर उलटसुलट क्षेत्रे असल्यास ती सरासरीत परस्परांना खोडून टाकतात. सरासरी शून्य आली म्हणून क्षेत्र शून्य असते असे नव्हे. दृष्टिरेषेला लंब असलेले क्षेत्र तर या पद्धतीला दिसतच नाही.

वाटेतील एखादा आयनीभूत ढग सबंध मापावर हुकमत गाजवू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील दीपांजन मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील एफेल्सबर्ग येथील १०० मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ययाती भुजेच्या दिशेचे पल्सार तपासले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांना सहा पल्सार आयनीभूत हायड्रोजनच्या ढगांमागे असून त्यांची घूर्णनमापे त्यामुळे बिघडल्याचे आढळले. आणखी एकाचे माप सुपरनोव्हाच्या अवशेषामुळे बदललेले दिसले. असे तारे विचारात घेतल्यावर त्या दिशेला पाचसहा हजार पार्सेकपर्यंत मोठ्या प्रमाणावरील दिशाबदलाचा पुरावा उरला नाही. दिशाबदल मोजणाऱ्या प्रत्येक नकाशाला हा इशारा लागू पडतो.

अंतरांचा प्रश्नही आहेच. बहुसंख्य पल्सारांची अंतरे अपस्करणमापावरूनच, आकाशगंगेतील इलेक्ट्रॉनांच्या वाटपाचे एखादे प्रतिमान वापरून काढली जातात. व्हेला पल्सारच्या वाटेत गम तेजोमेघाचा दाट आयनीभूत वायू आहे. त्यामुळे त्याचे अंतर पूर्वी सुमारे ५०० पार्सेक धरले जाई. पराशयाने ते सुमारे २९० पार्सेक ठरले. पराशयाने थेट अंतर मोजलेल्या पल्सारांची संख्या वाढत असली, तरी एकूण संख्येच्या मानाने ती थोडी आहे.

अखेरचा अडथळा घरचाच आहे. पृथ्वीच्या आयनांबरातही इलेक्ट्रॉन व चुंबकीय क्षेत्र असल्याने तेथेही घूर्णन होते. सूर्याच्या सक्रियतेनुसार व दिवसाच्या वेळेनुसार ते बदलत राहते. उपग्रह-संदेशांवरून आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे नकाशे तयार होतात; ते वापरून ही भर वजा केली जाते. युरोपातील लोफार या कमी वारंवारतेच्या दुर्बिणीने केलेली व २०१९ साली प्रसिद्ध झालेली १३७ पल्सारांची मापे अतिशय अचूक आहेत, आणि त्या अचूकतेत या वजाबाकीचा वाटा मोठा आहे.

आकाशगंगेच्या केंद्राजवळील मॅग्नेटार

एप्रिल २०१३ मध्ये आकाशगंगेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराच्या अगदी जवळ एक मॅग्नेटार, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा, क्ष-किरणांत उजळला. जे१७४५−२९०० हे त्याचे नाव. त्याचा आवर्तकाल ३.७६ सेकंद असून तो रेडिओ स्पंदही देत होता. त्याचे घूर्णनमाप उणे ६६,९६० भरले. बी०३२९+५४ च्या हजारपटीहून हे अधिक आहे.

सूत्राच्या मर्यादा समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. मॅग्नेटारचे अपस्करणमाप सुमारे १,७७८ आहे. भागाकार केला तर क्षेत्र सुमारे ४६ मायक्रोगॉस येते. परंतु त्याचे बहुतेक अपस्करण पृथ्वी ते केंद्र या लांबलचक वाटेवर झालेले आहे, तर बहुतेक घूर्णन मात्र केंद्राजवळच्या लहानशा प्रदेशात. दोन मापे एकाच ठिकाणची नसताना त्यांची सरासरी काढणे निरर्थक ठरते. ईटफ आणि सहकाऱ्यांनी कृष्णविवराभोवतालच्या तप्त वायूची घनता क्ष-किरणांच्या निरीक्षणांवरून घेऊन हिशेब केला, तेव्हा तेथील क्षेत्र किमान सुमारे ८ मिलिगॉस, म्हणजे ८,००० मायक्रोगॉस इतके निघाले. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूच्या वर्तनात चुंबकीय क्षेत्राचा वाटा मोठा असणार, हे त्यावरून दिसून आले. पुढील वर्षांत या मॅग्नेटारचे घूर्णनमाप काही हजारांनी बदलल्याचीही नोंद झाली. तारा सरकतो तशी त्याची दृष्टिरेषा वायूच्या वेगळ्या भागातून जाते आणि केंद्राजवळील क्षेत्र किती बारीक अंतरावर बदलते याचे जणू परीक्षण होते.

भारतातील दुर्बिणी व सद्यःस्थिती

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तरंगलांबी जितकी अधिक तितके घूर्णन अधिक स्पष्ट, त्यामुळे मीटर तरंगलांबीच्या या दुर्बिणीचा कार्यपट्टा पल्सारांच्या ध्रुवणाच्या अभ्यासाला अनुकूल आहे. तमिळनाडूतील उटी येथील ५३० मीटर लांबीची दुर्बीण एकाच दिशेचे रेषीय ध्रुवण टिपते. वरकरणी ही उणीव वाटते. पण फॅरेडे घूर्णनामुळे अशा दुर्बिणीत पल्सारची तीव्रता वारंवारतेनुसार लाटेसारखी कमीजास्त होते आणि त्या लाटेच्या लांबीवरून घूर्णनमापाचे मूल्य निघते. त्याचे चिन्ह मात्र केवळ या लाटेवरून कळत नाही.

ज्ञात पल्सारांची संख्या ३,००० च्या पुढे गेली असून त्यांपैकी एक हजाराहून अधिक पल्सारांची घूर्णनमापे उपलब्ध आहेत. चीनच्या ग्वीजो प्रांतातील ५०० मीटर व्यासाच्या फास्ट दुर्बिणीने त्यांत मोठी भर घातली आहे. तबकडीपासून दूर, आकाशगंगेच्या प्रभामंडलात असलेल्या १३४ मंद पल्सारांची मापे तिच्या साहाय्याने २०२२ साली प्रसिद्ध झाली. प्रभामंडलात तबकडीच्या वर आणि खाली परस्परविरुद्ध रोखांची कड्यासारखी क्षेत्रे आहेत, या कल्पनेची तपासणी अशा मापांमुळे शक्य झाली आहे. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे उभारणी सुरू असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत सहभागी असून वैश्विक चुंबकत्वाचा अभ्यास हे त्या प्रकल्पाच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक आहे. आकाशगंगेच्या केंद्रापलीकडच्या अर्ध्या तबकडीत आज मोजके पल्सारच ज्ञात आहेत आणि नकाशाचा तो भाग जवळजवळ कोरा आहे.